लालसूचा तिसरा गिअर

१४ डिसेंबर १९८६

बोर्ड लागला! ‘पंचशील ऑटो, सारंग मोटरसायकलचे अधिकृत सेवा केंद्र, गडचिरोली.’ पेंटरनं खाली हरणाचं चित्र काढलं ते शेळीवाणी दिसते. जंगलाच्या गावात राहून याले हरीण काढता येत नाई. पण आजच्या दिवशी कोणावर चिडाचं नाई असं सकाळीच ठरवलं होतं, म्हणून काही बोललो नाई. आठ वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात पाने फिरवले. आता इथून तर पार भामरागडपावतो सारंग खोलाचा हक्क एकट्या श्रावण निमगडेले. लिहितानाच अंगावर काटा येते.

ही डायरी बी कंपनीचीच आहे. नागपूरले सहा दिवसांचं ट्रेनिंग झालं तेव्हा कंपनीचे इंजिनिअर गुणवंतराव साहेबांनी देली अन् म्हटलं का रोजचं काम रोज लिहीत जा. माही बायको रुखमा म्हणते, आठ दिवस लिहाल, मंग मले चूल पेटवाले कामी येईन. पाहूच आता.

१७ डिसेंबर

हिवताप विभागानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सोळा सारंग घेतल्या, अन् त्याच खेपेतली एक मी सोतासाठी घेतली. हे लोक खेडोपाडी जातात, तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्त घेतात अन् दवाखान्यात आणून देतात. आजवर सायकलीवर जात होते. आज सोळाच्या सोळा गाड्या माह्या गॅरेजसमोर उभ्या होत्या. रस्त्यावरून जाणारी यस्टी बी हळू झाली. रुखमाचा भाऊ डोमा याच खात्यात आहे. तो तर गाडी कमी अन् गाडीच्या आरशात सोताले जास्त पाहून राह्यला होता.

सगळ्यांच्या गिअरबॉक्समंदी तेल मीच भरलं अन् तेलाचा धडा देला. म्हटलं, ट्रकचं गिअर ऑइल जाड असते, ते इथी चालत नाई, कारण सारंगचा क्लच बी गिअरच्याच तेलात बुडून राह्यते अन् जाड तेलानं तो चिकटते. ट्रकवाल्या दोस्तानं फुकट देलं म्हणून टाकाचं नाई, जुनं काळं तेल टाकाचं नाई. कंपनीचा सीलबंद डबा, बस. भिंतीवर लाल रंगात लिहून टाकलं, ‘तेल चुकलं का गाडी मेली’. डोमा म्हणे, भाऊजी, तुमी तर डॉक्टरच झाले. मले आवडलं ते.

११ जानेवारी १९८७

आज डोस्कं फिरलं.

लालसू नरोटे म्हणून हिवतापचा एक माणूस आहे. एटापल्लीच्या आत मरकागुडा गाव आहे तिथला, माडिया. बोलते कमी. सर्व्हिसिंगची तारीख नसताना सत्तर-ऐंशी मैलांवरून गाडी घेऊन आला. मी नेहमीवाणी आधी चेन पाह्यली, हातानं फिरवून मळ पुसला, मंग गिअरबॉक्सचा बोल्ट खोलून दोन बोटं तेल घेतलं अन् नाकाजवळ नेलं, तर भपकन टोळीच्या तेलाचा वास! मोहाच्या बियांचं तेल! दिव्यात जाळा, भाजीत टाका, बैलबंडीच्या आखाले चोपडा, माही ना नाई. पण सारंगच्या गिअरबॉक्समंदी? थंडीत ते तुपावाणी गोठते, मंग गिअर कसे जगन?

समोर सोमाजीची चहाची टपरी आहे, तिथी पंधरा-वीस जण बसले होते. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अबे, ही बैलबंडी नोहे, मोटरसायकल हाये." सगळे हासले. लालसू काहीतरी टक-टक म्हणत होता, तिसऱ्या गिअरचं का कायचं. म्हटलं, टोळीचं तेल टाकल्यावर टक नाई वाजन तर काय सनई वाजन? सोमाजी तर पोट धरून हासला. जुनं तेल फेकलं, कंपनीचं भरून देलं. लालसूनं गाडी सुरू केली अन् गेला. चहा सांगतला होता त्याच्यासाठी, तो बी घेतला नाई.

घरी रुखमाले सांगतलं तर ती हासली नाई. म्हणे, ते तेल त्यानं टाकलं कुठी होतं हे विचारलं का त्याले? म्हटलं, वास आला ना! माह्या नाकाले काय झालं?

२९ जानेवारी

डोमा पडला. चामोर्शी रोडवर सरळ सपाट रस्त्यानं तिसऱ्या गिअरात जात होता अन् मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी फरफटत गेली, डोमा पुलाच्या कठड्यावर. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. इथल्या सरकारी दवाखान्यात आहे. रुखमा दुपारपासून तिथीच बसून आहे.

मी गाडी टेम्पोत टाकून आणली अन् गिअरबॉक्सचं तेल काढलं. जाड! काळं! चिकट! दवाखान्यात जाऊन विचारलं तर कबूल झाला, तेल गळून कमी झालं होतं, आष्टीच्या एका ट्रक ड्रायव्हरनं डब्बाभर देलं, ते टाकलं. मले असा राग आला का त्याच्या पायाले वजन बांधून राह्यले होते तेव्हाच त्याले बोललो. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं ते काय माह्यासाठी? तो डोळे मिटून पडला होता. रुखमा म्हणे, घरी जा तुमी आता.

३ फेब्रुवारी

गुणवंतराव साहेब सोता नागपूरहून आले, तेलात बोट बुडवलं अन् म्हणाले, "बरोबर पकडलंत निमगडे. तेलच." रिपोर्टात तसंच लिहिलं. टपरीवरच्या लोकांसमोर माह्या पाठीवर थाप मारली. अख्ख्या विदर्भात असा मेकॅनिक नाही म्हणे. आज भूक बी जास्त लागली.

एक गोष्ट इथीच लिहून ठेवतो. जाड तेलानं क्लच चिकटन, गिअर जड पडन. चाक जाम काऊन होईन? अन् तेलात घासलेल्या दात्यांचा चुरा बी नव्हता. साहेबांसमोर तोंडावर आलं होतं, पण थाप पडली अन् गिळून टाकलं.

१५ फेब्रुवारी

माहीच गाडी!

रुखमाले मागं बसवून चामोर्शीच्या बाजारातून येत होतो. तिच्या मांडीवर वांग्याची पिशवी. सारंग कशी मस्त चालली होती, मी तिसरा टाकला, अन् खाडकन आवाज झाला. मागचं चाक जाग्यावर थांबलं अन् आमी दोघं रस्त्याच्या खाली लाखोळीच्या वावरात. नशीब का धान निघालं होतं अन् लाखोळीचं पीक मऊ होतं. माहा कोपर सोलला, रुखमाचं मनगट मुरगळलं, वांगे बांधापावतो गेले.

ती उठली, लुगडं झटकलं, एकेक वांगं वेचलं अन् मंग माह्याकडे पाहून शांतपणे म्हणे, "आता कोणत्या तेलाले शिव्या देता?"

त्या गाडीत तेल माह्या हातानं, माह्याच सीलबंद डब्यातलं होतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी सहा वाजताच इंजिन खोललं. गॅरेजचं दार लावून घेतलं, कोणाले आत येऊ देलं नाई. अन् सापडलं! सापडलं!!

गिअरच्या शाफ्टवर एक पोलादी लॉक बसते, अंगठीएवढं, एका बाजूनं उघडं. त्याचं काम एवढंच का शेजारचे दोन गिअर एकमेकांपासून दूर ठेवाचे. ते लॉक आपल्या खाचेतून निघून पडलं होतं. दोन गिअर एकाच वेळी धरले गेले, मंग चाक फिरन कसं? खाच मोजली. जेवढी खोल पाह्यजे तेवढी नाई, निम्मीच कापली आहे. कारखान्यातच चुकलं! मंग मी डोमाची गाडी पुन्हा खोलली, जी मी नुसतं तेल पाहून बंद केली होती. तिथी बी तेच. लॉक तळाशी पडलेलं, उरलेल्या तेलात बुडलेलं, अन् मी त्याच तेलात बोट घालून वास घेत होतो.

लाज बी वाटते अन् नाचावं बी वाटते. दिवसभर दोन्ही लॉक खिशात घेऊन फिरलो. कंपनीले चार पानांचं पत्र लिहिलं, चित्र काढून, मापं लिहून. डोमाले अजून सांगतलं नाई. पत्राचं उत्तर येऊ दे.

१२ मार्च

उत्तर आलं, संग सतरा नवे शाफ्ट अन् सतरा नवे लॉक. म्हणजे माहं खरं निघालं! या खेपेच्या सगळ्या गाड्यांत खाच उथळ आहे, हिवतापच्या सोळा अन् माही एक. पण पत्रात खाली असं आहे का गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला येईल तेव्हा पार्ट बदलावा, ग्राहकांमध्ये चर्चा करू नये. सही गुणवंतराव साहेबांची.

पुढची सर्व्हिसिंग जूनमंदी आहे. तोवर पंधरा माणसं या गाड्यांवर रोज फिरतीन. अन् ते एकटे फिरत नाईत, तापानं फणफणलेली माणसं मागं बसवून दवाखान्यात आणतात.

१३ मार्च

सकाळी दवाखान्यात गेलो. डोमाचा पाय अजून वजन लावून टांगलेला आहे. त्याले सगळं सांगतलं का तेल नव्हतं ते, कारखान्याची चूक होती. तो म्हणे, बाकीच्या पंधराजणांले सांगतलं का?

तिथून सरळ बसस्टँडवर गेलो. कंट्रोलर झिंगूजी माह्या वळखीचे आहेत. यस्टीच्या ड्रायव्हर-कंडक्टरले कोण माणूस कोणत्या दिवशी कोणत्या फाट्यावर भेटते हे सगळं पाठ असते. पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या: ‘सारंग तिसऱ्या गिअरात टाकू नका. दुसऱ्यावरच चालवत गॅरेजले आणा. आतला पार्ट बदलून भेटेल. श्रावण निमगडे.’ झिंगूजीनं चष्मा लावून चिठ्ठी वाचली, मंग एकेका ड्रायव्हरले हाक मारून गाडीच्या रूटपरमाणं वाटल्या. मुलचेराची त्या गाडीत, धानोऱ्याची त्या गाडीत. टपाल असं चालते का कधी!

कंपनीले कळलं तर बोर्ड काढून नेतीन. नेऊ दे. तशी बी ती शेळीच होती.

२१ मार्च

नऊ झाल्या! दोघं एकाच दिवशी आले, एक कुरखेड्याचा, एक वैरागडचा, दोघं बी दुसऱ्या गिअरात, इंजिन तापून लाल. बाकीच्यांले तर ड्रायव्हरनं यस्टी आडवी लावून उतरवलं म्हणे. चार गाड्यांचे लॉक अर्धे निघालेले होते. धानोऱ्याच्या गाडीचं तर झाकण काढलं अन् लॉक माह्या तळहातावर येऊन पडलं. ज्याची गाडी होती तो ते हातात घेऊन बसूनच राह्यला. त्याच्या मागं काल त्याची म्हातारी माय बसली होती.

दिवसाले दोन इंजिन खोलून राह्यलो. जेवण रुखमा गॅरेजातच आणते. सोमाजी टपरीवरून ओरडून विचारते, आज किती? कधी कोणाचं एवढं काम केलं नव्हतं मी.

२ एप्रिल

चौदा झाल्या. डोमाची बी दुरुस्त करून ठेवली, म्हणजे पंधरा. माही धरून सोळा. एकच राह्यली, लालसू नरोटेची.

त्याले तीनदा चिठ्ठी पाठवली. आज एटापल्लीच्या गाडीचा कंडक्टर सांगून राह्यला होता का चिठ्ठी त्यानं घेतली, वाचली, खिशात ठेवली अन् म्हटलं, त्या गॅरेजात मी येत नाई. कंडक्टरनं आणखी सांगतलं का मागच्या हप्त्यात त्यानं एका बाळंतिणीले दोन नाले पार करून एटापल्लीच्या दवाखान्यात आणलं, त्याच गाडीवर.

जेवण गोड लागलं नाई. टोळीचं तेल टाकते अन् वरून रुसते म्हणून आधी चिडलो. मंग ते हासणं आठवलं, सोमाजीचं अन् सगळ्यांचं. रुखमा ताट उचलता उचलता म्हणे, चिठ्ठीनं बोलावलं तर कोण येईन? जा ना तुमी.

९ एप्रिल

काल सकाळी निघालो, आज दुपारी आलो. आता सगळं लिहितो, जसं झालं तसं.

शाफ्ट, लॉक, पाने अन् तेलाचा डबा थैल्यात बांधून माह्या दुरुस्त सारंगवर निघालो. आलापल्ली, एटापल्ली, तिथून पुढं नुसता बंडीचा रस्ता. मोहाच्या झाडाखाली बायका फुलं वेचत होत्या, त्यांनीच मरकागुडा दाखवलं. पोचलो तर लालसू घरी नव्हता. त्याचे वडील बुधू बाबा अंगणात बंडीचं चाक काढून बसले होते. मराठी त्यांले कमी येते, मले गोंडी येत नाई. खाट टाकून देली, पाणी देलं, अन् आमी दोघं रस्त्याकडे पाहत बसलो.

घंटाभरानं आवाज आला. सारंगच, पण ओरडत येणारी. चढ नाई, खड्डा नाई, तरी दुसऱ्यावर. लालसूच्या मागं एक म्हातारी बसली होती, डोक्याले फडकं बांधलेलं. त्यानं तिले हात धरून उतरवलं, तिच्या घरी सोडलं, मंग माह्याकडे आला. रामराम केला नाई, जा बी म्हटलं नाई.

तेवढ्यात बुधू बाबा उठले. हातात टोळीच्या तेलाचा डब्बा अन् चिंधी. आधी बंडीच्या आखाले लावलं, मंग तीच चिंधी घेऊन सारंगजवळ बसले अन् चेनीले लावाले लागले. कडीकडी पुसत, जसं बैलाच्या शिंगाले लावतात तसं निवांत.

मी पाहतच राह्यलो. म्हटलं, "लालसू, हे तेल चेनीलेच लावता? अन् गिअरबॉक्समंदी?"

"त्यात तुमचंच होतं," तो म्हणे. "डिसेंबरात तुमीच भरलं. मी कायले खोलू?"

त्या दिवशी आधी मी चेन पुसली होती. मंग त्याच हातानं बोल्ट खोलला, अन् तीच बोटं नाकाजवळ नेली. वास माह्या बोटांचा होता! एवढा मोठा मेकॅनिक! मले जमीन फाटून आत जावं असं झालं.

मंग विचारलं का तीन चिठ्ठ्या पाठवल्या, काऊन आला नाई? त्यानं खिशातून तिन्ही काढल्या, नीट घडी केलेल्या. "यात लिवलं का तिसरा टाकू नका. मी तर जानेवारीपासून टाकतच नाई. मंग कायसाठी येऊ?"

म्हटलं, जानेवारीपासून? त्यानं घरातून रक्ताच्या नमुन्यांचं रजिस्टर आणलं. माणसाचं नाव, गाव, ताप किती दिवस, असं सगळं रांगेनं लिहिलेलं. अन् कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात: ‘९ जानेवारी. गाडी. तिसऱ्या गिअरले आतून टक.’ खाली ‘१० जानेवारी. टक, दोनदा.’ मंग ‘११. गडचिरोलीले दाखवली.’ त्याच्या खाली काहीच नाई.

"तुमाले सांगतलं होतं मी," लालसू म्हणे. "तुमी हासले. मंग मीच ठरवलं, आवाज येते तो गिअर टाकाचाच नाई. मागं माणूस बसते."

मी म्हटलं, मले आठवत नाई बा. खरंच आठवत नव्हतं. त्यानं रजिस्टर मिटलं.

मोहाच्या सावलीत पोतं टाकून इंजिन खोललं. गावातले सगळे गोळा झाले. लॉक खाचेतून जवळपास पुरतं निघालं होतं, एका टोकावर लटकून होतं. तीन महिने तो दुसऱ्यावर चालला म्हणून ते तसंच लटकून राह्यलं. एकदा, फक्त एकदा तिसरा टाकला असता तर ती बाळंतीण, ती कालची म्हातारी... मी लॉक त्याच्या हातावर ठेवलं अन् कसं बसते, कसं निघते ते सगळं दाखवलं. त्यानं लगेच समजून घेतलं. मले ट्रेनिंगात दोन दिवस लागले होते.

नवा शाफ्ट, नवं लॉक बसवलं, कंपनीचं तेल मापून भरलं. म्हटलं, चल, चालव, मी मागं बसतो. गावाबाहेर मोकळा सपाट रस्ता आहे. पहिला, दुसरा. मंग त्याचा पाय थांबला. मले त्याच्या खांद्यावरून त्याची मान दिसत होती, ताठ झालेली. अन् त्यानं तिसरा टाकला.

नाई वाजला! गाडी अशी सुटली, इंजिनचा ओरडा गेला, वारा कानात भरला, मागं लेकरं पळत येऊन राह्यले होते ते धुळीत दिसेनासे झाले. लालसू हासला, मोठ्यानं, पहिल्यांदाच. आमी नाल्यापावतो गेलो अन् परत आलो, मंग पुन्हा गेलो. कामच नव्हतं जायचं, तरी गेलो.

मुक्काम तिथीच केला. आज घरी पोचलो, डायरी घेतली, अन् हे लिहाच्या आधी पानं मागं चाळली. ११ जानेवारी. ‘लालसू काहीतरी टक-टक म्हणत होता, तिसऱ्या गिअरचं का कायचं.’ माहंच अक्षर आहे. त्यानं सांगतलं होतं. मी लिहिलं बी होतं. अठरा दिवसांनी डोमा पडला.

१० एप्रिल

डोमाले ते पान वाचून दाखवलं. दुसऱ्या कोणाकडून कळाच्या आधी आपणच सांगाचं असं ठरवून गेलो होतो. म्हटलं, त्या दिवशी मी गाडी खोलली असती तर तुहा पाय शाबूत राह्यला असता. कंपनीची चूक आहेच, पण ही माही आहे.

रुखमा खिडकीजवळ उभी होती. डोमानं टांगलेल्या पायाकडे पाह्यलं. मंग म्हणे, "मले सांगतलं, ठीक हाये. त्याले सांगतलं का?"

म्हटलं, नाई. त्याले तर मी आठवत नाई म्हणून आलो.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत सकाळपासून पाय दुखले. लिहाले वेळ नाई. कंपनीचं दुसरं पत्र आलं आहे, अजून फोडलं नाई.

१६ एप्रिल

पत्र फोडलं. चर्चा का केली म्हणून खुलासा मागितला आहे, बोर्डाचं पुढे ठरवू असं लिहिलं आहे. खुलासा लिहिला. त्यात पहिल्या ओळीत टाकलं का हा दोष सगळ्यात आधी ९ जानेवारी रोजी मरकागुड्याचे लालसू नरोटे यांनी ओळखला, अन् अधिकृत सेवा केंद्रानं ऐकला नाई. रुखमानं वाचून पाह्यलं अन् म्हणे, आता बरोबर झालं.

२० एप्रिल

आज लालसू आला. नमुने दवाखान्यात द्यायचे होते, ते देऊन सरळ गॅरेजसमोर गाडी लावली. तिसऱ्यावर आला, मी आवाजावरून वळखलं. टपरीवर गर्दी होती, जवळपास तेच लोक. मी त्याले म्हटलं, दोन मिनिटं थांब. आतून डायरी आणली अन् टपरीसमोर उभा राहून ११ जानेवारीचं पान मोठ्यानं वाचलं. बैलबंडी, सनई, सगळं. जिथी लोक हासले होते तिथी आज कोणी हासलं नाई. सोमाजी केटली हातात घेऊन तसाच उभा होता. मंग मी सांगतलं का टोळीचं तेल चेनीवर होतं, गिअरबॉक्सात नव्हतं. टक खरा होता, यानं मले सांगतला होता, अन् मी याले हासलो. माह्या हासण्यानं डोमाचा पाय मोडला.

लालसू खाली पाहत होता. सोमाजीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानं तो घेतला, अर्धा पिला, मंग माह्या हातातल्या डायरीकडे बोट दाखवलं.

"आता आजचं लिवा," तो म्हणे.

मी तिथीच बाकड्यावर बसलो, पेन काढला, अन् तो सांगत गेला तसं लिहिलं:

लालसू नरोटे, मरकागुडा. सारंग. मागचा ब्रेक दाबला का बारीक किर्र वाजते. उताराले जास्त. मागं माणूस बसला का आणखी जास्त. परवापासून.

गाडीले अजून हात लावला नाई. आधी विचारून राह्यलो.